संदर्भ शेवटी टाकायचा नसतो

आपल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत एक मत इतके रुळले आहे की ते मत आहे हेही कुणाच्या लक्षात येत नाही. विद्यार्थ्याने आधी मोकळेपणाने वाचावे, विचार करावा, प्रकरणे लिहून काढावीत; संदर्भ, तळटिपा आणि ग्रंथसूची ही त्यानंतरची आवराआवर, ती प्रबंध बांधायला देण्याआधीच्या आठवड्यात होते, असे ते मत. ‘आधी लिही, संदर्भ मग टाकू’ हे वाक्य मी मार्गदर्शकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे सविस्तर खंडन करणे मला गरजेचे वाटते. हे म्हणणारे शिक्षक कामचुकार नाहीत. त्यांतल्या अनेकांचा विद्यार्थ्यांवर जीव आहे. म्हणून त्यांचा पक्ष आधी पुरेशा ताकदीने मांडायला हवा.

त्यांचे पहिले म्हणणे असे. एम.ए.ला येणारा मुलगा किंवा मुलगी अनेकदा घरातली पहिली पदवीधर असते. एका पुस्तकातला विचार समजून घेऊन स्वतःच्या शब्दांत मांडणे हेच तिला जड जाते. अशा वेळी पहिल्याच दिवशी तिच्यापुढे एपीए, एमएलए, शिकागो अशा पद्धतींचे नियम ठेवले, तर ती स्वल्पविराम आणि तिरपा ठसा यांतच अडकेल आणि वाचन बाजूला राहील. दुसरे म्हणणे यंत्राचे. झोटेरोसारखी मोफत प्रणाली २००६ पासून उपलब्ध आहे, ती क्षणात सूची तयार करून देते. मग हाताने लिहिण्याचा अट्टहास कशाला? तिसरे म्हणणे परंपरेचे. तळटिपांची शिस्त युरोपीय विद्यापीठांतून आली. आपल्याकडे ज्ञान गुरुमुखातून आणि पाठांतरातून चालत आले, त्याला पृष्ठक्रमांक परकाच. आणि चौथे, या सगळ्याचा हेतू वाङ्मयचौर्य रोखणे हाच आहे. ते तपासायला सॉफ्टवेअर आहे, साम्याचा टक्का मर्यादेत आला की काम भागले.

या चारही म्हणण्यांत तथ्याचा काही भाग आहे, पहिल्यात तर बराच आहे. तरीही हे मत मुळातच चुकते, कारण ते दोन वेगळी कामे एकच समजते. हाती आलेला मजकूर कुठून आला याची नोंद करणे हे एक काम, आणि त्या नोंदीची छापण्याजोगी मांडणी करणे हे दुसरे. मांडणी शेवटी करा, यंत्राकडून करून घ्या, माझी काहीही हरकत नाही. आडनाव आधी की नाव आधी, साल कंसात की शेवटी, हे कुठल्याही पद्धतीने ठरवा. नोंद मात्र वाचतानाच होते, पुस्तक समोर उघडे असताना. ते पुस्तक परत गेल्यावर जे होते त्यात शोध थोडा असतो आणि अंदाज फार.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम सुरू झाले. वेदांपासून अलीकडच्या शतकांपर्यंतचे सुमारे १५०० ग्रंथ वाचून त्यांतले शब्द चिठ्ठ्यांवर उतरवले गेले. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तिथल्या कपाटांत आहेत. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि काम अजून चालू आहे. त्या चिठ्ठीवर शब्द असतो, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य असते, आणि ग्रंथातले नेमके स्थळ असते. आता विचार करावा, त्या वाचकांनी ‘शब्द आत्ता उतरवू, ग्रंथाचे नाव नंतर टाकू’ असे म्हटले असते तर काय झाले असते? हा कोश अर्थ कालक्रमाने देतो. कोणता अर्थ आधी आला आणि कोणता नंतर, हे तो ग्रंथाच्या काळावरून ठरवतो. स्थळ नसलेली चिठ्ठी तिथे कुठेच बसवता येत नाही. तिच्यावरचा शब्द बरोबर असतो, वाक्यही बरोबर असते, तरी ती निरुपयोगी असते. आणि ज्याने ती लिहिली त्याला विचारायचीही सोय नाही, कारण चिठ्ठ्या करणारी पिढी वेगळी आणि त्यांवरून कोश लिहिणारी पिढी वेगळी. एम.ए.च्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे अंतर पिढ्यांचे नसते, काही महिन्यांचे असते. पण जून महिन्यात ग्रंथालयात बसून टिपण काढणारा आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये प्रकरण लिहिणारा, हे दोघे एकमेकांना परके असतात.

प्रचलित मताला न दिसणारी अधिक खोल गोष्ट पुढेच आहे. स्रोताची नोंद करताना स्रोत ओळखावा लागतो. हे पुस्तक नेमके कोणते, ही आवृत्ती कुणाची, हा मजकूर मूळ आहे की अनुवाद, समकालीन आहे की शंभर वर्षांनंतरचा, हे प्रश्न नोंद करण्यासाठी हात थांबला की आपोआप पुढे येतात. नोंद टाळली की प्रश्नही टळतात.

एक उदाहरण विस्ताराने देतो, कारण त्यात सगळा वाद सामावला आहे. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणपतीने लिहून घेतले, ही कथा मराठी घराघरात माहीत आहे. समजा लेखनकलेच्या इतिहासावर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ती कथा सांगितली आणि शेवटी संदर्भ टाकला, ‘महाभारत, आदिपर्व, अध्याय १’. हा संदर्भ खरा की खोटा? कोणत्या महाभारताबद्दल बोलतो आहोत ते कळल्याशिवाय याला उत्तरच नाही. सतराव्या शतकात वाराणसीत टीका लिहिणाऱ्या, घराण्याने कोपरगावकडच्या नीलकंठ चतुर्धरांनी जो पाठ स्वीकारला, त्यात ती कथा पहिल्या अध्यायात आहे. पुण्याच्या चित्रशाळा प्रेसने नीलकंठी टीकेसह छापलेल्या महाभारतात ती आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीच्या मुख्य संहितेत मात्र ती नाही. ती परिशिष्टात गेली आहे, कारण जुन्या आणि परस्परांपासून स्वतंत्र अशा हस्तलिखितांचा तिला आधार मिळत नाही. म्हणजे तोच ग्रंथ, तेच पर्व, तोच अध्याय, आणि एका ठिकाणी गणपती आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. विद्यार्थ्याने वाचलेले पुस्तक तर बहुधा तिसरेच असते: चिपळूणकर आणि मंडळीचे मराठी भाषांतर, जे भांडारकर आवृत्तीच्या आधीचे आहे. नोंदीत त्याने ‘महाभारत’ एवढेच लिहिले, तर वर्षभराने त्यालाही सांगता येणार नाही की आपण काय वाचले होते. आणि ज्या दिवशी त्याने शीर्षकपृष्ठावरचे संपादकाचे नाव, प्रकाशक आणि साल उतरवून घेतले असते, त्याच दिवशी त्याला प्रश्न पडला असता की एकाच ग्रंथाची इतकी रूपे का? तिथून त्याच्या निबंधाला खरी सुरुवात झाली असती. गणपतीची कथा महाभारतात कधी आणि का आली असावी, हा प्रश्न ती कथा सांगण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

त्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखठणकर तिचे प्रमुख संपादक होते. १९४३ मध्ये ते गेले आणि इतरांनी काम पुढे नेले. त्यासाठी १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांनुसार हस्तलिखितांना खुणेची अक्षरे दिली, आणि पानाच्या खालच्या भागात कोणता पाठ कोणत्या हस्तलिखितात आहे ते ओळीओळीने नोंदवले. ज्याला संपादकांचा निर्णय मान्य नाही, त्याला तो उलटवण्याचे साधन त्याच पानावर दिलेले आहे. पानाचा तो खालचा भाग काढून टाकला तर ती आवृत्ती महाभारताची आणखी एक पोथी होऊन बसते.

मराठीच्या अभ्यासात हा प्रश्न पावलोपावली येतो. ‘तुकाराम गाथा, अभंग क्रमांक अमुक’ असा संदर्भ देण्याची पद्धत इतकी सर्रास आहे की तिच्यातली उणीव कुणाला खटकत नाही. विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली सिद्ध केलेली, १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेली गाथा. विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा. पुढे शासनाने काढलेली गाथा. यांत अभंगांचे क्रम आणि क्रमांक सारखे नाहीत. आवृत्ती न सांगता दिलेला क्रमांक वाचकाला भलत्याच अभंगावर नेऊन सोडतो. लीळाचरित्राचेही तेच: शं. गो. तुळपुळे यांची आवृत्ती आणि वि. भि. कोलते यांची १९७८ ची आवृत्ती यांत लीळांचे क्रमांक वेगळे. ज्ञानेश्वरीत राजवाडे प्रत वेगळी, साखरे प्रत वेगळी.

इतिहासाच्या विद्यार्थ्याचे आवडते वाक्य आहे, ‘बखरींवरून असे दिसते की’. कोणत्या बखरीवरून? सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला, राजाराम महाराजांच्या काळात, शिवछत्रपतींचे राज्य पाहिलेल्या माणसाने लिहिली. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. दोघांमध्ये शतकाहून अधिक अंतर. टिपणवहीत ‘बखर’ एवढाच शब्द लिहिला असेल तर हे अंतर नाहीसे होते, आणि त्याबरोबर पुरावा आणि आख्यायिका यांतला फरकही जातो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांचे भांडण नेमके याच सवयीशी होते. त्यांचे अनेक निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. त्यांनी छापलेले कागद टिकले, आणि त्यांचे निष्कर्ष खोडणाऱ्यांनाही ते कागदच वापरावे लागले.

छोट्या अडचणीही तितक्याच जीवघेण्या. जुन्या मराठी पुस्तकावर ‘शके १८३१’ छापलेले असते. चैत्र ते डिसेंबर धरले तर ते १९०९, जानेवारी ते फाल्गुन धरले तर १९१०. टिपताना शक जसाच्या तसा उतरवावा. इसवी सनात नंतर बदलता येतो, पण आधीच बदललेला सन चुकला तर परत फिरता येत नाही. ‘आवृत्ती तिसरी’ आणि ‘तिसरे पुनर्मुद्रण’ यांत फरक आहे: आवृत्तीत मजकूर बदललेला असू शकतो, पृष्ठक्रमांक हलतात. पीडीएफमधले पान आणि छापील पान एक नसते. पडद्यावर ४७ दिसते तेव्हा कागदावर ३१ छापलेले असू शकते, कारण प्रस्तावनेची पाने वेगळी मोजलेली असतात. पुराभिलेखागारात कागद रुमालात बांधलेले असतात. रुमालाचा क्रमांक टिपला नाही तर तोच कागद दुसऱ्यांदा मागवता येत नाही.

आणि मोबाइल. आजचा विद्यार्थी ग्रंथालयात बसून उतरवून घेत नाही, पानांची छायाचित्रे काढतो. मला यात काही वाईट वाटत नाही. दुर्मिळ पुस्तक घरी नेता येत नसेल तर छायाचित्र हे वरदान आहे. पण त्या छायाचित्रांत हवी तीच पाने असतात, शीर्षकपृष्ठ नसते. सहा महिन्यांनी मोबाइलमध्ये छापील मजकुराची शेकडो चित्रे असतात आणि त्यांतली निम्मी कोणत्या पुस्तकाची ते सांगता येत नाही. पहिले छायाचित्र शीर्षकपृष्ठाचे, दुसरे त्याच्या पाठच्या पानाचे, कारण आवृत्ती, मुद्रक आणि साल तिथे असते, तिसरे ग्रंथालयाचा वर्गांक आणि दाखलांक असलेल्या चिठ्ठीचे, आणि मग हवी ती पाने: एवढा क्रम पाळला तर मोबाइलही उत्तम टिपणवही होते. दाखलांक ग्रंथसूचीत छापला जात नाही, म्हणून विद्यार्थी तो टिपत नाहीत. पण परत जाऊन तीच प्रत हातात घ्यायची असेल तर त्याइतके उपयोगी काही नाही.

यंत्रच सगळे करील, असे म्हणणाऱ्यांनी मराठी पुस्तकांची अवस्था पाहावी. झोटेरो स्वतःला काही माहीत करून घेत नाही. कुणीतरी इंटरनेटवर भरलेली माहिती ते उचलते. इंग्रजी नियतकालिकांबाबत ती बहुधा चांगली भरलेली असते. मराठी ग्रंथ रोमन लिपीत, दर ठिकाणी वेगळ्या वर्णांतराने नोंदलेले असतात. एकच राजवाडे तीन प्रकारांनी लिहिलेले आढळतात, आणि शोधणाऱ्याला ते तीन लेखक वाटतात. स्कॅन करून चढवलेल्या जुन्या पुस्तकांना चुकीची शीर्षके चिकटलेली दिसतात, बहुखंडी ग्रंथाच्या खंडाचा क्रमांक गायब असतो. यंत्राने दिलेली नोंद शीर्षकपृष्ठाशी ताडून पाहायला शीर्षकपृष्ठ समोर हवे. म्हणजे पुन्हा तेच: वाचतानाच.

आता तर यंत्र नसलेले संदर्भही तयार करते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात, एव्हियान्का विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात, वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले पूर्वनिर्णय दाखल केले. ते निर्णय अस्तित्वातच नव्हते. पक्षकारांची नावे, न्यायालये, क्रमांक, सगळे नियमानुसार होते. न्यायालयाने पाच हजार डॉलरचा दंड केला. संदर्भाची मांडणी निर्दोष असूनही संदर्भ पूर्ण खोटा असू शकतो, हे याहून स्पष्ट कसे दाखवायचे? आपल्या विद्यापीठांत मात्र गुण जातात ते स्वल्पविराम चुकल्याबद्दल. पुस्तक प्रत्यक्ष पाहिले का, हे कुणी विचारत नाही.

न पाहिलेल्या पुस्तकाचा संदर्भ देणे हा काही चॅटजीपीटीने लावलेला शोध नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोघांनी २००३ मध्ये एक निबंध लिहिला. भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या लेखाला सुमारे ४३०० ठिकाणी संदर्भ दिला गेला होता, त्यांपैकी १९६ ठिकाणी खंड, पृष्ठ किंवा साल चुकलेले. पण वेगवेगळ्या चुका होत्या फक्त ४५. एकच चुकीचा पृष्ठक्रमांक ७८ जणांनी दिलेला होता. स्वतंत्रपणे लेख उघडणाऱ्या ७८ जणांच्या हातून तीच चूक कशी होईल? ती चूक दुसऱ्याच्या ग्रंथसूचीतून उतरवलेली होती. त्यावरून त्यांनी अनुमान काढले की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे एक पंचमांश लोकच मूळ लेख वाचतात. या आकड्याशी वाद घालता येईल, कारण मूळ वाचूनही सूची दुसरीकडून उचलणारे असतात. पण सवय खरी आहे. ‘शेवटी टाकलेले संदर्भ’ नेमके याच वाटेने येतात: लिहून झालेल्या वाक्याला शोभेल असा आधार इतरांच्या सूचीत शोधला जातो. आधी वाक्य, मग पुरावा. संशोधनात हा क्रमच उलटा आहे. दुसऱ्याच्या पुस्तकातून मिळालेले अवतरण वापरायला हरकत नाही. ‘अमक्याच्या ग्रंथात उद्धृत’ एवढे लिहायचे असते. पण ते लिहिता येण्यासाठी टिपण काढतानाच त्याची खूण केलेली हवी.

तळटीप युरोपीय असल्याच्या म्हणण्याला थोडे अधिक थांबून उत्तर द्यायला हवे, कारण ते स्वाभिमानाच्या वेषात येते. छापील पानाच्या तळाशी बारीक टाइपातली टीप हे रूप युरोपीय आहे, मान्य. पण ‘हे मी कुणाकडून घेतले’ हे सांगण्याची जबाबदारी आपल्याकडे पाणिनीइतकी जुनी आहे. अष्टाध्यायीत शाकटायन, गार्ग्य, शाकल्य, आपिशलि असे दहा पूर्वसूरी नावाने येतात, आणि बहुधा त्यांचे मत वेगळे असते तिथेच येतात. मल्लिनाथाने रघुवंशावरच्या टीकेच्या आरंभी प्रतिज्ञा केली की आधाराशिवाय आपण काही लिहिणार नाही. महानुभावांनी लीळाचरित्राची पाठांतरे जपताना ‘हिराइसा पाठ’ अशा व्यक्तींच्या नावांनी पाठभेद नोंदवले: कुणाच्या स्मरणात काय होते ते वेगळे ठेवले, एकात मिसळून टाकले नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ते केल्याचे शकासह सांगितले, आणि त्यात स्वतःची ओवी घुसडणाऱ्याला कडक शब्दांत बजावले. पाठांतराच्या परंपरेला उगमाची फिकीर नव्हती, हे म्हणणे त्या परंपरेवर अन्याय करणारे आहे.

त्या फिकिरीचे फळ किती मोठे असते, ते महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या एका कामावरून कळते. कात्यायनस्मृती हा व्यवहारावरचा, म्हणजे न्यायदानावरचा, महत्त्वाचा ग्रंथ स्वतंत्र रूपात उपलब्ध नव्हता. पण पुढच्या शतकांतल्या टीकाकारांनी आणि निबंधकारांनी त्यातले श्लोक कात्यायनाच्या नावाने उद्धृत केलेले होते. काण्यांनी ते सगळे वेचले, विषयवार लावले आणि १९३३ मध्ये ‘कात्यायनस्मृतिसारोद्धार’ प्रसिद्ध केला. बृहस्पतिस्मृतीचेही असेच पुनर्रचन के. व्ही. रंगस्वामी अय्यंगार यांनी केले आणि ते बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाले. मूळ पोथी गेली, आणि ज्यांनी स्रोताचे नाव सांगितले त्यांच्यामुळे ग्रंथ परत मिळाला. ज्या निबंधकारांनी तोच श्लोक नाव न सांगता दिला, त्यांचा यात उपयोग झाला नाही. आणि जिथे एकच श्लोक एकाने एका स्मृतिकाराच्या आणि दुसऱ्याने दुसऱ्याच्या नावावर टाकला, तिथे संपादकाला झगडावे लागले. काण्यांच्या स्वतःच्या ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या, १९३० ते १९६२ या काळात निघालेल्या पाच खंडांत, तळटिपा अनेक पानांवर निम्मी जागा घेतात. त्यांत मूळ संस्कृत वाक्ये स्थळासह दिलेली आहेत, म्हणून काण्यांशी असहमत असलेला माणूसही काण्यांचाच ग्रंथ उघडून वाद सुरू करतो.

आता टक्का. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड ठेवला नाही, आणि पुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पायऱ्या केल्या. नियमाचा हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की ‘माझे नऊ टक्के आले’ हे प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र समजले जाऊ लागले. सॉफ्टवेअर शब्द जुळवते, आणि तेही त्याच्या साठ्यात असलेल्या मजकुराशीच. १९३० सालच्या मराठी मासिकातला लेख संगणकावर कुठेच नसेल, तर तो आख्खा उतरवला तरी साम्य शून्य. आणि दुसऱ्याचा मूळ विचार शब्द बदलून घेतला तर कुठल्याही भाषेत शून्य. तो टक्का कमी करण्यासाठी शब्दांची अदलाबदल करणे हा एक धंदाच झाला आहे. दुसरीकडे, न ठरवता होणारी उचल कुठे होते ते पाहावे. अमेरिकी इतिहासकार डोरिस कर्न्स गुडविन यांच्या केनेडी घराण्यावरच्या पुस्तकात दुसऱ्या लेखिकेची वाक्ये आढळली, तेव्हा २००२ मध्ये त्यांनी दिलेले स्पष्टीकरण टिपणांबद्दलचे होते: हाताने काढलेल्या टिपणांत उतरवलेली वाक्ये आणि स्वतःची वाक्ये वेगळी राहिली नव्हती. हे स्पष्टीकरण कुणाला पुरेसे वाटो न वाटो, दोष कोणत्या टप्प्यावर शिरतो हे त्यातून कळते. टिपणात शब्दशः उतरवलेल्या मजकुराला अवतरणचिन्हे, सारांशाला वेगळी खूण आणि स्वतःच्या विचाराला तिसरी: ही खूण त्या क्षणी नसेल तर नंतर कुठलेही सॉफ्टवेअर ती परत आणू शकत नाही.

पहिल्या पिढीच्या विद्यार्थिनीचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो सर्वांत सच्चा आहे आणि त्यातून काढलेला निष्कर्ष मला सर्वांत जास्त खटकतो. एपीएची पुस्तिका तिला पहिल्या दिवशी देऊ नका, बरोबर आहे. पण लेखक, शीर्षक, आवृत्ती, साल, पान, कुठल्या ग्रंथालयातली प्रत आणि हे शब्द कुणाचे, एवढे मराठीत लिहायला तिला इंग्रजी लागत नाही, संगणक लागत नाही. संशोधनाच्या सगळ्या कौशल्यांत हे सर्वांत सोपे आणि सर्वांना सारखे मिळणारे आहे. ज्याच्या घरात पुस्तके होती, ज्याचे आडनाव ऐकूनच सभागृह ऐकायला सरसावते, त्याचे संदर्भावाचून भागेल. लोक त्याच्या अधिकारावर विश्वास ठेवतील. जिच्यामागे असा कोणताही अधिकार नाही, तिला मौखिकीत नामवंत परीक्षकासमोर उभे राहायचे असते. ‘सर, हे पान १४२ वर आहे, दुसऱ्या आवृत्तीत, पहिल्या आवृत्तीत नाही’ असे ती म्हणू शकली, तर त्या क्षणी वयाचा, पदाचा आणि जातीचा फरक बाजूला सारून मुद्दा पानावर येतो. तिला ‘संदर्भ मग टाकू’ असे सांगणारा शिक्षक दयेपोटी तिच्या हातातले एकमेव हत्यार काढून घेतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे पक्के ठाऊक होते. शूद्रांच्या उगमावरचा ‘हू वेअर द शूद्राज?’ हा ग्रंथ त्यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो महात्मा फुल्यांना अर्पण केला. ज्या धर्मग्रंथांवर बोलण्याचा त्यांचा अधिकारच अनेकांना अमान्य होता, त्या ग्रंथांची मंडल, सूक्त, पर्व, अध्याय अशी स्थळे देत त्यांनी मांडणी केली. पैजवन नावाच्या शूद्र राजाचा उल्लेख असलेला शांतिपर्वातला श्लोक त्यांच्या सिद्धांताचा कणा होता. तो एका छापील पोथीवरून घेऊन ते पुढे गेले नाहीत. वेगवेगळ्या हस्तलिखितांत त्या श्लोकाचे पाठ काय आहेत ते त्यांनी वाचकापुढे शेजारी शेजारी ठेवले, प्रतिकूल पाठही त्यांत आले, आणि कोणता पाठ का ग्राह्य याची चर्चा केली. त्यांच्या सिद्धांतावर आजही मतभेद आहेत. पण त्यांना नाकारणाऱ्याला त्याच श्लोकाकडे आणि त्याच पाठभेदांकडे जावे लागते, ‘तुम्हाला काय कळते’ एवढे म्हणून सुटता येत नाही.

म्हणून बदल करायचा तर परीक्षापद्धतीतच करावा लागेल. मार्गदर्शकाने पहिले प्रकरण मागण्याआधी टिपणवही मागावी, कागदी असो वा मोबाइलमधली. ग्रंथपालांना सत्राच्या सुरुवातीला दोन तास द्यावेत, शीर्षकपृष्ठ वाचायला शिकवण्यासाठी. हे काम त्यांच्याइतके चांगले कुणालाच येत नाही आणि आपण त्यांना ते करू देत नाही. मौखिकीत परीक्षकाने टिपणांतली पाच स्थळे निवडावीत, ती पुस्तके ग्रंथालयातून मागवावीत आणि पान उघडून दाखवायला सांगावे. या टिपणवहीला शंभरांपैकी वीस गुण असावेत, आणि ते प्रबंध टंकलिखित होण्याआधी दिले जावेत.